राणीची बाग: पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी झाडं बघा

रानजाई

थंडी पडली की गावाकडचे पाहुणे येतात, शाळांच्या सहली निघतात आणि ‘मुलांना मुंबईत कुठे न्यावं?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर येतं राणीची बाग. परत आल्यावर काय पाहिलं म्हणून विचारा. पेंग्विन, वाघ, पाणघोडा. झाडांचं नाव कुणी काढत नाही. मला हे मनापासून लागतं, म्हणून हा चर्चेचा धागा.

राणीची बाग आधी झाडांची, मग प्राण्यांची. १८३० मध्ये मुंबईत शेती-बागायतीला वाहिलेली एक संस्था निघाली, तिची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे कबरस्तानासाठी गेली आणि संस्थेने भायखळ्याला नवी बाग आखली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली. व्हिक्टोरिया राणीचं नाव म्हणून राणीची बाग. पिंजरे आले ते नंतर, १८९० च्या सुमारास बाग वाढवली तेव्हा. आज पन्नासेक एकरांवर २८६ जातींची तीन हजारांहून जास्त झाडं तिथे उभी आहेत. चहूकडे भायखळा, लालबाग, माझगाव, म्हणजे श्वास घ्यायला जागा नसलेली वस्ती. दक्षिण मुंबईत एवढी सलग सावली दुसरीकडे कुठे सापडते ते मला दाखवा.

जायचं कसं? भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, दहा मिनिटं चाला. बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी असते आणि मग दुसऱ्या दिवशी बंद. शक्यतो रविवार टाळा. सकाळी साडेनऊला दार उघडतं तेव्हाच आत शिरलात तर पहिला तास दीड तास बाग तुमची.

मी काय बघते ते सांगते. जानेवारी ते मार्चमध्ये जात असाल तर आधी उर्वशी शोधा. मूळची म्यानमारची. फांदीवरून हातभर लांब दांडा खाली लोंबतो आणि त्यावर लाल फुलं ओळीने सुटी सुटी टांगलेली असतात. मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. खाली उभं राहून वर बघावं लागतं, आणि वारा आला की अख्खा घोस हलतो. या झाडाला बी फार क्वचित धरतं, म्हणून ते इतरत्र फारसं दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांमध्ये हे झाड फुलवण्यासाठी माळी जिवाचं रान करायचे. आपल्याकडे ते लोकलच्या तिकिटात बघायला मिळतं, आणि लोक त्याच्या खालून प्राण्यांकडे नेणाऱ्या पाट्यांवरचे बाण बघत पुढे निघून जातात.

मग कैलाशपती. याची फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडावर येतात. जाडजूड, गुलाबी-लाल पाकळ्या आणि मध्यावर पुंकेसरांची फणी वाकून आलेली. पिंडीवर नाग, असं म्हणून लोक हात जोडतात. वास जवळ जाऊन घ्या, सकाळी जास्त येतो. तोफेच्या गोळ्याएवढी फळं त्याच खोडाला लटकलेली असतात, पोरांना खाली उभं करू नका.

गोरखचिंच चुकवू नका. आफ्रिकेचं झाड, अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं असं मानतात. खोडाला तळहात लावून बघा. थंडीत पानं गळून झाड वाळल्यासारखं वाटतं, पण खोडात पाणी धरलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री पांढरी मोठी फुलं उलटी लोंबतात आणि सकाळी जमिनीवर पडलेली मिळतात.

बाकी ब्राऊनिया, सीतेचा अशोक, कोलविलिया आहेतच. जाणकारांनी भर घालावी. कुणी जाऊन आलं तर फोटोपेक्षा कुठल्या महिन्यात काय फुललं होतं ते लिहा, पुढच्याला उपयोग होईल.

---

लालबागकर

ताई, धाग्याबद्दल आभार. आमचं बालपण त्या बागेत गेलं. वडील गिरणीत, सुट्टीच्या दिवशी आई डब्यात पोळीभाजी बांधायची आणि आम्ही लालबागहून चालत जायचो. तेव्हा हत्तीवर बसवून फेरी मारायचे. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, डबा आम्ही कायम एका मोठ्या झाडाखाली सोडायचो आणि त्या झाडाचं नाव मी आजवर कुणाला विचारलं नाही.

पुतळ्यांवरही लिहा कुणीतरी. काळा घोडा इथे आहे हे आजच्या मुलांना माहीत नाही. फोर्टात जो चौक त्या नावाने ओळखला जातो तिथला मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून काढून राणीच्या बागेत आणला. चौकाला घोड्याचं नाव राहिलं, स्वार इकडे आला. आता २०१७ पासून तिथे नवा घोडा आहे, पण त्यावर स्वार नाही.

---

पानोपानी

वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाहीये.

@रानजाई, तुम्ही सांगितलेली उर्वशी, ब्राऊनिया आणि सीतेचा अशोक ही तिन्ही झाडं शेंगावर्गातली आणि एकमेकांची जवळची नातेवाईक. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिघांची कोवळी पालवी बघायला लावते. नवी पानं फुटतात तेव्हा ती ताठ नसतात. वाळत टाकलेल्या ओल्या फडक्यांसारखी फांदीवरून खाली लोंबतात, रंगही तपकिरी-गुलाबी. बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं. काही दिवसांत हरितद्रव्य भरतं, पान हिरवं होतं आणि मग वर उचललं जातं. कोवळ्या पानात पोषण कमी ठेवायचं, म्हणजे किड्यांनी खाल्लं तरी झाडाचं नुकसान थोडं, असा त्यामागचा एक अंदाज. एकाच बागेत तिन्ही झाडांवर हे बघता येणं आम्हा शिक्षकांना फार मोलाचं आहे.

सीतेच्या अशोकाबद्दल अजून एक. सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच सरळसोट ‘अशोक’ असतो तो हा नव्हे. खऱ्या अशोकाचे नारिंगी घोस फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, हळूहळू लाल होतात. आणि त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात! आपण ज्याला पाकळ्या समजतो तो रंगीत पुष्पकोश, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. भिंग नेलंत तर मुलांना दाखवा, पण फूल खाली पडलेलं घ्या.

कोलविलिया मादागास्करचा. पानं हुबेहूब गुलमोहराची, त्यामुळे एरवी ओळखू येत नाही. गुलमोहर मे महिन्यात पेटतो, हा पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. नारिंगी कळ्यांचे जाड घोस खाली वळलेले. दोघांचा मूळ देश एकच.

---

समीरा_ठाणे

खूप छान माहिती. आम्ही सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाईंना घेऊन जाणार आहोत. त्यांचे गुडघे दुखतात. एवढं चालणं जमेल का? तिकीट किती आहे? आणि खरं सांगायचं तर मुलाला पेंग्विनच बघायचे आहेत 🙂

---

रानजाई

@समीरा, अवश्य न्या. रस्ते बहुतेक सपाट आहेत आणि बसायला बाकं जागोजागी. सगळी बाग एका दिवसात संपवायचा हट्ट करू नका. सासूबाईंना आवडेल ते आधी बघा, दमल्या की झाडाखाली बसवा, तुम्ही दोघं मुलाला फिरवून आणा. पाणी आणि टोपी हवीच.

तिकीट मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १५ वर्षांच्या मुलांना २५. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर १००. ऑनलाइनही काढता येतं. पेंग्विन त्याच तिकिटात.

आणि मुलाला पेंग्विन जरूर दाखवा, त्याला नाराज करू नका. फक्त सांगताना ‘बर्फातले पक्षी’ असं सांगू नका. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, थंड पाण्याचा प्रवाह असतो. म्हणूनच इथे त्यांना १६ ते १८ अंशांवर ठेवतात. २०१६ च्या जुलैत ते कोरियातून आले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांना बघायला खुले झाले.

---

जंगलवाट

मला पटत नाही. झाडांवरचं प्रेम समजू शकतो, पण आपण सगळे मिळून जर मुलांना पेंग्विनच्या काचेसमोर उभं करणार असू, तर त्यांना शिकवतोय काय? मुंबईच्या दमट हवेत, यंत्राच्या गारव्यात परदेशी पक्षी ठेवायचे. आठ आणले होते, त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. तो सगळा खर्च झाडांसाठी, संशोधनासाठी झाला असता तर? मी बागेत जातो, प्राण्यांच्या बाजूला पाऊल टाकत नाही.

---

लालबागकर

जंगलवाट, तुमचं म्हणणं समजलं, पण एक बाजू मांडतो. ज्या पोराचे आईबाप त्याला ताडोबाला नेऊ शकत नाहीत, त्याने वाघ कुठे बघायचा? पिंजरा वाईटच. आम्ही लहानपणी बघितलेले गजांचे पिंजरे आठवले की आज कसंतरी होतं. पण आता काचेमागे का होईना मोकळी जागा, झाडं, पाण्याचं टाकं आहे. पक्ष्यांच्या मोठ्या दालनात तर आपणच आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. जे प्राणी इथेच जन्मले त्यांना सोडणार कुठे?

मला खटकतं ते तिकीट. २०१७ पर्यंत पाच रुपयांत आत जाता यायचं. एकदम पन्नास झाले. शंभर रुपयांत चौघं हे ठीक वाटतं, पण आमच्या चाळीत एका घरात सहा-सात माणसं असायची. आजी-आजोबा त्या चौघांत धरत नाहीत.

---

जंगलवाट

तिकिटाबद्दल पूर्ण सहमत. सार्वजनिक बाग ही खरोखर सार्वजनिक राहिली पाहिजे. निदान झाडांचा भाग तरी नाममात्र दरात खुला हवा.

इथेच जन्मलेल्या प्राण्यांचा मुद्दा मान्य, त्यांना इथेच सांभाळा. माझा विरोध नवे विदेशी प्राणी आणण्याला आहे. तो कायम.

---

पुस्तकी_भुंगा

वाद बाजूला ठेवून संग्रहालयाकडे वळवतो. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि ते न बघता परत येणारे पाहिले की जीव तुटतो. मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. पायाभरणी १८६२ ची, उघडलं २ मे १८७२ रोजी, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी फार खटपट केली. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. मोडकळीला आलेल्या इमारतीचं २००३ ते २००७ मध्ये पुनरुज्जीवन झालं, त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आत गेल्यावर मान वर करा: हिरव्या-सोनेरी खांबांवर छत आणि खाली नक्षीच्या फरश्या. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, त्या काळचे मुंबईतले लोक, त्यांच्या पगड्या, नेसणी, धंदे. मुलं तिथून हलत नाहीत.

बाहेर आवारात दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो खाली पडून फुटला. मग तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवले. जवळ जाऊन अंगावरचे सांधे बघा, कुठला तुकडा कुठे बसवला ते स्पष्ट कळतं. सोंडेच्या आणि पायांच्या बाजूने सावकाश एक फेरी मारा. माझ्या लेखी बागेच्या आवारातली ही सर्वांत मोलाची वस्तू, आणि लोक तिला टेकून सेल्फी काढतात. टेकू नका, एवढीच विनंती.

बागेच्या दाराजवळचा मनोरा डेव्हिड ससून यांचा, १८६५ चा. घड्याळाचा. थोडं मागे उभं राहून बघितलात तर चारही बाजू नीट दिसतात.

संग्रहालयही बुधवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा.

---

बडोदेकर_मामा

वाचून आमची कमाटी बाग आठवली. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये सुरू केलेली, सयाजीबाग. तिथेही झाडं, प्राणी आणि संग्रहालय एकाच आवारात. आणि एक धागा तुमच्या बागेशी जोडलेला आहे: पुस्तकी_भुंगा यांनी सांगितलेल्या संग्रहालयाच्या बागेत व्हिक्टोरिया राणीचा जो संगमरवरी पुतळा आहे, तो खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला. पूर्वी फोर्टात छत्रीखाली बसवला होता. मुंबईला आलो की मी मुद्दाम जाऊन बघतो.

---

पानोपानी

वा मामा, हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मुलांना दाखवते.

जंगलवाट, लालबागकर, तुमच्या चर्चेत एक भर. ही झाडं आज उभी आहेत ती आपोआप राहिलेली नाहीत. २००७ च्या सुमारास बागेचं रूप पालटून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा कित्येक कोटींचा आराखडा आला होता. त्यात झाडांचं काय होणार, म्हणून रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काही बायकांनी आणि वृक्षप्रेमींनी एकेका झाडाची नोंद करायला घेतली. जात, जागा, संख्या. रानजाईने वर दिलेला २८६ जातींचा आकडा त्याच कष्टांतून आलेला आहे. पुरातन वारसा समितीपुढे बाजू मांडली गेली आणि मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही.

मला यातून एक फार जाणवतं. ‘झाडं वाचवा’ म्हणणारे खूप असतात. पण अमुक ठिकाणी अमुक जातीचं झाड आहे आणि ते अख्ख्या शहरात दुर्मिळ आहे, असं कागदावर दाखवता आलं तेव्हा ऐकून घेणं भाग पडलं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना नावं पाठ करायला सांगते तेव्हा ते कुरकुरले तरी मी सोडत नाही.

---

समीरा_ठाणे

जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार.

पेंग्विन झाले, वाघ झोपलेला होता. पण सासूबाईंनी कमाल केली. कैलाशपतीखाली त्यांनी पडलेलं एक फूल उचललं आणि मुलाला नाग दाखवला. पोरगं ते फूल हातात घेऊन तासभर फिरत होतं. मधल्या फणीवरचे केसर आणि खाली गोल बसलेले केसर वेगळे का आहेत, असं त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. @पानोपानी, मदत करा.

उर्वशीला पाच-सहा घोस होते, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सीतेचा अशोक नुकता सुरू होत होता. गोरखचिंच पूर्ण निष्पर्ण.

---

पानोपानी

समीरा, मुलाला शाबासकी द्या, हा प्रश्न मला पदवीच्या वर्गात क्वचित ऐकू येतो. दोन्हीकडचे पराग वेगळे असतात. वरच्या फणीतले पराग हे भुंग्यांसाठी खाऊ, त्यातून बी धरत नाही. खालच्या गोल चकतीतले पराग खरे कामाचे. भुंगा खाऊसाठी फणीखाली शिरतो तेव्हा त्याची पाठ चकतीच्या परागांना घासते आणि तो ते पुढच्या फुलावर नेतो. या फुलात मधही नाही, सगळा व्यवहार परागांवर चालतो. पुढच्या वेळी सकाळी लवकर गेलात तर काळे मोठे भुंगे शिरताना दिसतील. झाडापासून दोन पावलं लांब उभं राहून गप्प बघायचं.

---

रानजाई

समीरा, महिना आणि आठवडा लिहिल्याबद्दल खास धन्यवाद, मला अगदी हेच हवं होतं. मी वहीत टिपून ठेवलं.

फेब्रुवारीच्या आसपास बागेत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं झाडा-फुलांचं प्रदर्शन भरतं. तेव्हा गर्दी प्रचंड असते, पण कुंड्यांतली भाजी, फळझाडं बघायची असतील तर तेव्हा जा. निवांत झाडं बघायची असतील तर तो आठवडा सोडा.

मार्चमध्ये गटग, म्हणजे सगळ्यांनी एकत्र भेटणं, करूया का? शनिवारी, सकाळी साडेनऊ, ससून मनोऱ्याखाली. पानोपानी, तुम्ही झाडं दाखवाल का? लालबागकर, तुमचं डब्याचं झाड कुठलं ते शोधून काढू.

---

लालबागकर

मी नक्की. आईलाही आणतो, तिला ती जागा माझ्याहून चांगली आठवते. पोळीभाजी आमच्याकडून.

---

पानोपानी

येते. चार-पाच विद्यार्थी बरोबर असतील, चालेल ना? प्रत्येकाने छोटी वही आणि पेन आणा. आधी झाडं, मग जेवण, मग संग्रहालय, असा क्रम ठेवू. दुपारी ऊन चढतं.

---

जंगलवाट

मीही येतो. प्राण्यांकडे वळलात तर तेवढा वेळ गोरखचिंचेखाली थांबेन.

---

समीरा_ठाणे

आम्ही तिघंही. मुलगा भिंग मागतोय, कुठलं घ्यावं?

---

पानोपानी

दहापट मोठं दाखवणारं, दुमडणारं, साधं चालेल. गळ्यात अडकवायला दोरी बांधा, मुलं भिंग हरवतात.